खुब्याच्या उंचीवर

टेबलाचा कोपरा खुब्याच्या हाडावर असा नेमका बसला की हातातला चहा बशीत, बशीतला जमिनीवर, आणि ती जागच्या जागी थिजली. "आई गं!" हे तोंडातून निघालं तेही उशिरा; आधी नुसता श्वास आत ओढला गेला. ऑफिसात नुकतीच नवी टेबलं आली होती, पांढरी, गुळगुळीत, चारी कोपरे असे टोकदार की कागद कापावा. मागून कुणीतरी म्हणालं, "काय इंचबाई, आता खुब्यानं मोजणी सुरू केली का?" आणि चार टाळकी हसली. एरवी तीही हसली असती. जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढायचे हे तिचं काम, आणि भिंत पाव इंच जरी कलली तरी हिला झोप येत नाही अशी तिची ख्याती. इंचबाई हे नाव तिला लोकांनी चिडवायला दिलं आणि तिनं ते मानाचं म्हणून घेतलं, त्यामुळे चिडवणाऱ्यांची मजाच गेली. पण आज ती हसली नाही. तळहात खुब्यावर दाबून उभी राहिली. कळ हळूहळू मांडीत उतरत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, कुणीतरी फडकं आणायला धावलं होतं, आणि तिला यातलं काही दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे एक दगड उभा राहिला होता. तबेल्याच्या दाराचा दगड. त्याची कोर गोल होती, आणि ती गोलाई जिथून सुरू होत होती ती उंची, आणि जिथे संपत होती ती उंची, ही दोन्ही मापं तिला पाठ होती, कारण ती तिनंच घेतली होती.

तो तबेला शहरापासून बसनं दोनेक तासांवर, एका जुन्या शेतावर होता. शेताच्या मालकीणबाईंना त्याचं सभागृह करायचं होतं. नावालाच तबेला, लांबलचक दगडी इमारत, खाली घोडे आणि वर गवताचा माळा, आणि आता खाली घोडे नाहीत नि वर गवत नाही. तिनं आजवर शाळा मोजल्या होत्या, गिरण्या मोजल्या होत्या, एक तुरुंगही मोजला होता. ती सगळी घरं माणसांसाठी बांधलेली, म्हणजे कुठे उभं राहिलं की काय दिसेल हे अंगाला आपोआप कळायचं. इथे अंगाला काही कळेना. खिडक्या अर्ध्या चंद्रासारख्या, आणि इतक्या उंच की चवड्यांवर उभं राहूनही बाहेरचं पान दिसत नव्हतं. बांधणाऱ्यानं अक्कल गहाण ठेवली होती की काय, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं. मग दुपारी ऊन त्या खिडक्यांतून तिरपं आत आलं आणि तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर गेलं, तेव्हा ती चपापली. ऊन आणि वारा घोड्याच्या डोळ्यांत जाऊ नये, डोक्यावरून जावा, म्हणून ती उंची. फरशी मधल्या पन्हळीकडे जराशी उतरती, दगडांवर खाचा पाडलेल्या, टाप सरकू नये म्हणून. प्रत्येक घोड्याचं आपलं ठाण. ठाणात कोपऱ्यात गव्हाण, आणि गव्हाणीच्या बरोबर वर छताला भोक, माळ्यावरून गवत ढकललं की थेट तोंडाशी. गव्हाणीच्या लाकडावर दातांचे ठसे होते, कंटाळलेल्या घोड्यांनी कुरतडलेले. शेवटचं ठाण बाकीच्यांच्या दीडपट; ते व्यालेल्या घोडीचं. आणि प्रत्येक ठाणाला अंगणाकडे उघडणारं स्वतःचं दार, आडवं दोन भागांत कापलेलं: वरचं उघडलं की घोड्याला जग दिसावं, आणि खालचं बंद असलं की त्याला जगात जाता येऊ नये. हे सगळं तिला एकेक करून उमगत गेलं होतं आणि ती स्वतःवर खूश होती. आपण हुशार आहोत असं माणसाला वाटलं की समजावं, आता काहीतरी हातचं जाणार.

हातचं गेलं ते दारांपाशी. दाराच्या दोन्ही बाजूंना उभे दगड, आणि त्यांच्या कोरा गोल. उंबऱ्यापासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत कोर धारदार. तिथून वर तिच्या डोक्याच्या उंचीपर्यंत मऊ, बाळाच्या पायासारखी गोल. मग पुन्हा धारदार. तिनं त्या गोलाईवर हात फिरवला होता. किती घोड्यांनी इथे अंग घासलं असेल, किती वर्षं, असं तिच्या मनातही आलं होतं. आणि तोच हात उचलून तिनं नकाशावर त्या दगडांपुढे लिहिलं होतं, 'झीज, बदला.' कारण दारांना आता काचेच्या झडपा येणार होत्या, आणि काचेला सरळ कोर लागते. सगळ्या दारांच्या सगळ्या दगडांपुढे तिनं तेच लिहिलं होतं, तिच्या त्या प्रसिद्ध, छापल्यासारख्या अक्षरात. तिच्या धंद्यात एक जुनी समजूत आहे, कुणी शिकवत नाही, पाण्यातून अंगात शिरावी तशी शिरते: बांधणारा नेहमी सरळच बांधतो, वाकडं जे होतं ते काळ करतो. सरळ नसलेलं काही दिसलं की दोनच शब्द, खचलं नाहीतर झिजलं. तिसरा शब्द या धंद्याला ठाऊक नाही.

ती लंगडत आपल्या जागेवर गेली आणि तबेल्याचे फोटो उघडले. एक दार, दुसरं दार, तिसरं. घासून झीज झाली असती तर एका बाजूला जास्त झाली असती, एका बाजूला कमी. जनावर काही दोन्हीकडे मोजून अंग घासत नाही. इथे दोन्ही बाजू जुळ्या बहिणींसारख्या. गोलाई जिथे वर संपत होती तिथे दगड कसा एका नीट वळणानं धारेला मिळत होता; झीज अशी नीट संपत नाही, ती विरत जाते. मग तिनं माळ्याच्या जिन्याचं दार काढलं. त्याच इमारतीत, त्याच दगडाचं दार, तितकंच जुनं. तिथून गवत नेणारी माणसं तितकीच वर्षं ये-जा करत होती, हात टेकत होती, भारे घासत होती. त्याची कोर वरपासून खालपर्यंत धारदार. तिथून घोडा कधी गेला नव्हता. तिनं खुर्चीला पाठ टेकली. घोडा दारातून बाहेर येतो तेव्हा आधी डोकं बाहेर, मग खांदे बाहेर, आणि आपण आलो बाहेर असं समजून तो वळतो. मागचं धड अजून दारातच असतं. घोड्याचं रुंद हाड खुब्याचं. ते दगडावर आपटतं. म्हणून कुणीतरी, कोण कुठला, दगड उभा करण्याआधी त्याची तेवढीच कोर गोल घडवून घेतली होती, जिथे खुबा येतो तिथून तिथपर्यंत, आणि जिथे येत नाही तिथे हात लावला नव्हता. आणि आज सकाळपासून ते दगड काढायला सुरुवात होणार होती. तिच्या अक्षरातल्या दोन शब्दांमुळे.

तिचे वडील शिंपी होते. चांगले शिंपी होते असं काही म्हणता यायचं नाही. सख्ख्या भावाच्या विजारीचा एक पाय त्यांनी आखूड शिवला होता, आणि काका ती विजार घालून मरेपर्यंत त्यांच्या दुकानासमोरून मुद्दाम जायचे. पण त्यांचा खरा दुर्गुण दुसराच. ते सगळं सैल शिवायचे. तिचे शाळेचे कपडे असे की आत अजून एक मुलगी मावावी. वर्गात तिला तंबू म्हणायचे. ती घरी येऊन रडायची, पाय आपटायची, "बाबा, माझ्या मापाचं शिवा ना एकदा तरी!" आणि बाबा तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणायचे, "अगं, माणूस उभा असतो तेवढाच मापाचा असतो. बसला, वाकला, पळाला की गेलं माप." तिला ते बहाण्यासारखं वाटायचं. माप चुकतं ते चुकतं, वर आणि शहाणपण! तिथेच कुठेतरी तिनं दात-ओठ खाऊन ठरवलं होतं की मोठी होऊन मी सगळं तंतोतंत मोजीन, कुणाला एवढीशी सूट देणार नाही. आणि नाही दिली. भिंतींना नाही, हाताखालच्या माणसांना नाही, नवऱ्याला तर नाहीच. बाबा वाईट शिंपी होते यात आजही तिला शंका नव्हती. फक्त त्या एका बाबतीत त्यांचं म्हणणं तिनं नीट ऐकून घेतलं नव्हतं, एवढं तिला आता टोचलं.

साहेब केबिनमध्ये फोनवर होते. वयानं तिच्याहून लहान, पण माणूस चांगला. तिच्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. ती दारात उभी राहिली ते बघून त्यांनी फोन ठेवला.

"साहेब, तबेल्याचं दगडकाम थांबवा."

"थांबवा? अहो, आज सकाळीच सुरू झालं. काय झालं?"

"ती झीज नाही. कोर मुद्दाम गोल घडवलेली आहे. घोड्याच्या खुब्याला लागू नये म्हणून." तिनं फोटो पुढे धरले, जिन्याचं दार दाखवलं, गोलाई संपते ते वळण दाखवलं. साहेब बराच वेळ बघत राहिले.

"हं. असेलही."

"असेलही नाही. आहे."

"बाई, आधी बसा बघू. लंगडताय कशाला?" ती बसली नाही. "हे बघा, नवे दगड घडवून आलेत. काचेच्या झडपा सरळ कोरेच्या मापानं तयार आहेत. आणि आता तिथे घोडे आहेत कुठे? खुर्च्या येणार तिथे. खुर्च्यांना काय खुबे असतात?" आपल्या विनोदावर ते हसले, मग तिचा चेहरा बघून गंभीर झाले. "तुमच्या नकाशांवर चूक-दुरुस्तीचा रकाना आजवर कोरा आहे. आख्ख्या धंद्यात असं दुसरं माणूस नाही. त्याच भरवशावर मालकीणबाई पुढच्या महिन्यात सगळं शेत आपल्याकडे देतायत. कोठारं, राहतं घर, ती पाणचक्की. प्रमुख म्हणून तुमचं नाव मी दिलंय. आता त्यांना काय सांगू? की आमच्या सगळ्यांत पक्क्या माणसानं पहिल्याच कामात एवढी कारागिरी झीज म्हणून काढून टाकायला लावली? त्या दुसरीकडे जातील, बाई. आणि खरं सांगू? कुणाला कळणारसुद्धा नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर मलाही कळलं नसतं."

"मला कळलंय ना पण."

"मला दोन दिवस द्या. विचार करतो."

"दोन दिवसांत दगडच उरणार नाहीत विचार करायला." तिनं पर्स खांद्याला लावली. "मी जाते तिकडे."

"अहो, फोन करा की!"

"दोनदा केला. छिन्नी चालू असली की मिस्त्रींना फोन ऐकू येत नाही."

"बाई, मी काम थांबवायची परवानगी दिलेली नाही हं."

"मग माझी अर्ध्या दिवसाची रजा लिहा," ती म्हणाली, आणि निघाली. रागानं नाही. रागाला सवड लागते.

बस अर्धी रिकामी होती. खिडकीशी बसली तर खुबा दुखे, आतल्या बाजूला बसली तर पलीकडच्या खिडकीतलं ऊन लागे. शेवटी ती दुखणं पत्करून खिडकीशी बसली. कारखान्यांच्या भिंती मागे गेल्या, मग गोदामं, मग मोकळी रानं. पाणचक्की तिला हवी होती. हे तिनं स्वतःशी कबूल केलं, लाजायचं काय त्यात? तबेला मोजायला गेली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती रोज तिकडे जाऊन उभी राहायची. थांबलेलं लाकडी चाक, त्याच्या पात्यांवर शेवाळ, आत दगडी जाती एकावर एक. असं काम तिला आयुष्यात एकदाच मिळणार होतं, आणि ते मिळवायला काहीही करावं लागणार नव्हतं. नुसतं बसमधून उतरून उलटी बस पकडायची. मन किती हरामखोर असतं बघा: पुढच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा तिचा हात आपसूक पर्सच्या पट्ट्यावर गेला. तिनं तो मांडीवर परत ठेवला. आणि मग तिला दुसरंच काही आठवायला लागलं. इतक्या वर्षांत आपण आणखी काय काय झीज म्हणून लिहिलं? त्या शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या, मध्ये खोलगट. पोरांच्या पायांनी झिजल्या असं लिहिलं आणि सपाट करायला लावल्या. झिजल्याच असतील. असतील ना? गिरणीतल्या खांबाची ती एक बाजू चपटी. तुरुंगातली भिंत, मध्येच आत गेलेली, जिथे माणसाला पाठ टेकून बसता यावं अशी. तिथे तर तिनं वाकून बघितलंही नव्हतं. सगळं सरळ केलं. तिच्या हातून गेलेल्या सगळ्या इमारती तिच्यापुढे सरळसोट उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारख्या, आणि एकही तिच्याशी बोलेना.

फोन वाजला. नवरा.

"अगं, कुकरचं झाकण कुठं ठेवलंयस?"

"कुकरवर बघितलं का?"

थोडा वेळ भांड्यांचा आवाज. "सापडलं. तू कुठं आहेस? कसला घरघराट येतोय?"

"बसमध्ये. तबेल्यात चाललेय."

"कायमची?"

तिला हसू आलं, आणि हसताना रडूही फुटलं, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं: टेबल, खुबा, दगड, पाणचक्की. समोरच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली तेव्हा तिनं आवाज खाली आणला. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मग जा. आणि काहीतरी खाऊन घे वाटेत, रिकाम्या पोटी भांडू नकोस." एवढंच. फोन बंद झाला तरी ती तो कानाशी धरून बसली. हा माणूस असाच. पूर्वी भांडायचा, शब्दाला शब्द द्यायचा. हळूहळू बंद झालं. ती काही बोलली की तो ऐकून घेतो आणि बाजूला होतो. थकला बिचारा, संसारानं झिजला, असं ती समजत आली होती, आणि मैत्रिणींत तसं बोलायचीही. कुणी सांगावं? त्यानं आपली कोर स्वतःच बसून घासली असेल, वर्षानुवर्षं, नेमकी तेवढीच, जिथे तिला लागायचं तेवढीच. या विचारानं ती इतकी हलली की तिचा थांबा जवळजवळ चुकला. "अहो, थांबवा, थांबवा!" ओरडत ती उतरली.

फाटकापासूनच छिन्नीचा आवाज येत होता. ठक, ठक, मग थोडा दम, मग ठक. ती पळाली म्हणजे काय, पाय ओढत जमेल तेवढी झपझप गेली. अंगणात नवे दगड रचून ठेवले होते, कोरे, सरळ, एकाला एक लावून. पहिल्या दाराची डावी बाजू उघडी पडली होती, आतला चुना आणि खडी बाहेर दिसत होती, आणि काढलेले दोन जुने दगड मातीत आडवे पडले होते. मिस्त्री दुसऱ्या दाराशी होते. थोराड माणूस, भुवयांवर दगडाची भुकटी.

"मिस्त्री, थांबा! छिन्नी खाली ठेवा."

"बाई? तुम्ही आज कशा?" त्यांनी छिन्नी ठेवली नाही, पण मारायची थांबवली. "कागद बघूनच चाललंय हो. एकही दगड सोडलेला नाही."

"कागद माझाच आहे. तो चुकलाय."

"आता सांगताय? दोन निघाले की."

"निघाले ते निघाले. बाकीचे निघणार नाहीत. ही झीज नव्हेच."

"झीज नाही तर काय? मीही बघितलं ना. घोडे घासतात अंग, आमच्या म्हशी नाही का घासत खांबाला? घासून घासून खांबाचा पार..."

"चला माझ्याबरोबर." तिनं त्यांना माळ्याच्या जिन्याशी नेलं आणि त्यांचा हात त्या दाराच्या कोरेवर ठेवला. मग घोड्याच्या दाराशी आणून तिथल्या गोलाईवर. मिस्त्री एकदा इकडे, एकदा तिकडे गेले. पुन्हा वाकले, डोळे बारीक करून गोलाईत बघत राहिले, नखानं काहीतरी खरवडलं. छिन्नीच्या बारीक उभ्या रेघा होत्या तिथे, पावसानं नि उन्हानं अर्ध्या पुसलेल्या, पण होत्या.

"हात्तिच्या!" ते म्हणाले. "घडवलाय की हो! आणि मी बावळट..." मग एकदम सावध झाले. "पण साहेबांचा काही निरोप नाही. काम बंद करायचं तर हुकूम कुणाचा?"

"माझा."

"तुमचा चालतो?"

"चालवीन." आणि ती दुसऱ्या दारात उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात दोन्ही दगडांवर टेकून. आपण काय नाटक करतोय असं एकदा तिच्या मनात आलं. येऊ दे, म्हटलं. "साहेबांशी बोलणं होईपर्यंत मी इथून हलत नाही. काढायचा असेल तर आधी मला काढा."

मिस्त्री हसले. "राहा उभ्या. मलाही टेकायचंच होतं जरा." त्यांनी छिन्नी ठेवली, नव्या दगडांच्या ढिगावर बसले आणि डबा उघडला.

आवाज बंद झाल्यावर तबेला केवढा मोठा वाटायला लागला. वरच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, भिंतीवर उंच, तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. तिनं उंबऱ्यावरून मागे, आत पाहिलं. तिनं आयुष्यात कधी घोड्याला हात लावला नव्हता. लहानपणी रस्त्यात एक उभा होता गाडीला जुंपलेला, तो तिच्याकडे वळून फुरफुरला आणि ती वडिलांच्या मागे लपली, इतकीच ओळख. हा तबेला मोजताना इतके दिवस इथे काढले, गव्हाणी मोजल्या, भोकं मोजली, टापांच्या खाचा मोजल्या, आणि या सगळ्याच्या मधोमध जे उभं होतं ते तिच्या मनात एकदाही चालत बाहेर आलं नाही. आता आलं. आतल्या अंधारातून एक मोठं, ऊबदार अंग हळूहळू दाराकडे आलं, डोकं खाली घालून. ती नकळत बाजूला सरली, पाठ दगडाला लावली, आणि ते वळलं, थोडं लवकरच वळलं, आणि दगडाला नुसतं घासून, काही न दुखता, उजेडात गेलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिस्त्री डब्यात बघत जेवत राहिले. भल्या माणसांना कधी बघायचं नाही ते कळतं.

मग ती खाली उतरून मातीतल्या त्या दोन दगडांपाशी बसली. एक अखंड होता. दुसरा पडताना मधोमध दुभंगला होता, गोलाईतूनच. "हा जुळेल का?" तिनं विचारलं.

"जोडता येईल. पण भेग दिसेल," मिस्त्री म्हणाले. "नवा लावून त्यालाच गोल केला तर दिसणार नाही."

"नवा नको. हाच जोडा. दिसू दे."

"तुमची मर्जी." ते हात पुसत उठले. "पण लेखी पाहिजे हं, बाई. नाहीतर उद्या तुम्ही नाही, साहेब नाही, आणि बोल माझ्यावर."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"थांबवलंत?"

"थांबवलं. दोन निघाले होते, ते परत बसतायत."

पलीकडे लांब सुस्कारा. "मला वाटलंच. तुम्ही गेल्यावर ते फोटो तासभर बघत बसलो. जिन्याच्या दारानं माझं तोंड बंद केलं. बरं, काचेच्या झडपा आतल्या बाजूला घेऊ, काचवाल्याच्या शिव्या मी खातो. दुरुस्तीचा नकाशा आज काढतो आणि मालकीणबाईंना पाठवतो." मग आवाज जरा उतरला, घरच्यासारखा झाला. "आणि काळजी करू नका. रकान्यात मी 'पाहणीनंतर किरकोळ बदल' एवढंच लिहितो. सगळे तेच लिहितात. कुणाचं नाव येत नाही, कुणी विचारत नाही. पाणचक्कीला धक्का लागणार नाही."

तो चांगुलपणाच होता, आणि म्हणूनच अवघड होतं. दगड तर वाचले होते. आता गप्प राहिल्यानं कुणाचंही काही जाणार नव्हतं. कागदावर तिचं काम पूर्वीसारखंच स्वच्छ राहणार होतं, आणि झाडांच्या पलीकडे, इथून दिसतही नव्हतं, ते लाकडी चाक तिची वाट बघत राहणार होतं. उद्या दुसरी कुणी इंचबाई दुसरा तबेला मोजायला जाईल, हा नकाशा बघेल, 'किरकोळ बदल' वाचेल आणि पुढच्या दारावर लिहील, झीज, बदला. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किरकोळ नाही, साहेब. मी सांगते ते लिहून घ्या. सगळ्या दारांपुढे. 'झीज हा शेरा रद्द.'"

"लिहिलं."

"कारण: 'मोजताना घोडा लक्षात घेतला नव्हता.'"

"अहो बाई! असं कुणी लिहितं का कुठे?"

"मी लिहिते. आणि खाली मोजणाऱ्याचं नाव. पूर्ण लिहा."

मिस्त्री दुभंगलेल्या दगडाचे दोन तुकडे एकमेकांना लावून बघत होते.

"पुढच्या कामाचं मग मी काही सांगू शकत नाही, बाई," शेवटी साहेब म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही लिहा."